मंडपात न मावलेले शब्द

शास्त्रवाचन : आमोस ७:१०-१७, प्रेषितांची कृत्ये ७:५४ ते ८:१



भाषांतरकारांच्या एका कार्यशाळेच्या निमित्ताने मला काशीस जावे लागले. एके दिवशी काम लवकर आटोपले, म्हणून मी पायीच दशाश्वमेध घाटाकडे निघालो. वाटेत गोदौलियाच्या अलीकडे एक चौक लागतो. तेथे सेंट थॉमस चर्च आहे, आणि त्यावरून लोक त्या चौकाला ‘गिरजाघर’ म्हणतात. रिक्षावाल्याने ते नाव अगदी सहज उच्चारले तेव्हा मला मौज वाटली. ज्या नगरीत नीळकंठशास्त्री गोरे वाढले, शिकले, मिशनऱ्यांशी वाद घालता घालता ख्रिस्ताच्या विचाराने अस्वस्थ झाले, आणि १८४८ साली ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, ती ही नगरी. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना ती अगदीच परकी नाही.

घाटही परका नाही. अठराव्या शतकात पेशवे बाळाजी बाजीराव यांनी तो बांधून काढला आणि पुढे अहल्याबाई होळकरांनी त्याची पुनर्रचना केली. ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध केले अशी आख्यायिका आहे, तेच घाटाचे नाव. अश्वमेध म्हणजे राजाची घोषणा : माझा घोडा जाईल तेथवर माझी सत्ता. पायऱ्यांवर बसल्या बसल्या मला विसावे स्तोत्र आठवले. रथांवर आणि घोड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांचे काय होते, ते त्या स्तोत्रकर्त्याने दोन-चार शब्दांत सांगून टाकले आहे.

पण त्या सायंकाळी माझ्या मनात घोडे नव्हते, एक भाषण होते. ते या घाटावर झाले नाही, पण त्यातील एक बोचरा भाग या घाटामागील गल्ल्यांविषयी आहे. आरतीची गर्दी जमू लागली होती. मी मागे वळून त्या गल्ल्यांच्या दिशेने पाहिले आणि शंभर वर्षांपूर्वी तेथून चालत गेलेला एक प्रवासी माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

४ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते बनारस हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसवली गेली. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अनेक वर्षांच्या श्रमांचे ते फळ होते. समारंभ काही दिवस चालला. राजेमहाराजे आले होते, त्यांच्या अंगावर हिऱ्यामाणकांचे अलंकार होते. ६ फेब्रुवारीच्या सभेत दरभंग्याचे महाराज अध्यक्ष होते, ॲनी बेझंट व्यासपीठावर होत्या, आणि समोर बहुतांशी विद्यार्थी बसले होते. त्या सभेत मोहनदास करमचंद गांधी बोलावयास उभे राहिले. वय ४६. दक्षिण आफ्रिकेहून परत येऊन त्यांना जेमतेम एक वर्ष झाले होते.

हे वर्ष कसे गेले, ते आपण मराठी माणसांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी गांधींना सांगितले होते की, एक वर्ष देश पाहा, कान उघडे ठेवा, सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले निवर्तले, पण शिष्याने शब्द पाळला. हे गोखलेही काशीला नवीन नव्हते. १९०५ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन येथेच भरले, तेव्हा वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांनी त्याचे अध्यक्षपद भूषविले आणि कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली. गुरूने ज्या नगरीत सरकारला जाब विचारला, त्याच नगरीत शिष्याने दहा वर्षांनी मौन सोडले. परंतु शिष्याने जाब विचारला तो प्रथम आपल्याच लोकांना.

गांधी आरंभीच म्हणाले की, या पवित्र नगरीत, या विद्यापीठाच्या छायेत, मला माझ्या देशबांधवांशी परक्या भाषेत बोलावे लागते, ही शरमेची गोष्ट आहे. हे ते इंग्रजीतच बोलत होते, आणि त्यातील विसंगती त्यांनी झाकली नाही. पुण्याच्या काही प्राध्यापकांशी झालेले बोलणे त्यांनी सांगितले : इंग्रजीतून ज्ञान घ्यावे लागल्यामुळे प्रत्येक भारतीय तरुणाची निदान सहा वर्षे वाया जातात. मग ते विश्वनाथाच्या मंदिराकडे वळले. आदल्या सायंकाळी ते तेथे गेले होते. आपल्या देवळाभोवतीच्या गल्ल्या इतक्या घाण असाव्यात काय? आपली मंदिरेच जर स्वच्छतेचा आदर्श नसतील, तर आपले स्वराज्य कसे असेल? त्यानंतर त्यांची दृष्टी महाराजांच्या रत्नांवर गेली. ज्यांनी आदल्या दिवशी भारताच्या दारिद्र्याविषयी भाषण केले होते त्यांना ते म्हणाले की, हे अलंकार उतरवून देशबांधवांची ठेव म्हणून जपल्याखेरीज या देशाचा उद्धार नाही. उद्धार वकिलांकडून होणार नाही, डॉक्टरांकडून नाही, धनिक जमीनदारांकडूनही नाही. तो शेतकऱ्याकडून होईल.

नंतर ते व्हाइसरॉयच्या बंदोबस्ताविषयी बोलू लागले. १९१२ साली दिल्लीत हार्डिंज यांच्यावर बाँब पडला होता, त्यामुळे काशीच्या रस्त्यांवर आणि घरांवर गुप्त पोलिसांचा पहारा बसला होता. एवढा अविश्वास कशासाठी, असे गांधींनी विचारले. बाँब टाकणाऱ्या तरुणांचे देशप्रेम मला मान्य आहे, त्यांचा मार्ग मान्य नाही, असेही ते म्हणाले. येथवर आल्यावर ॲनी बेझंट मध्येच म्हणाल्या, थांबवा. गांधींनी अध्यक्षांकडे पाहिले. विद्यार्थी ओरडले, बोलू द्या. अध्यक्षांनी उद्देश स्पष्ट करावयास सांगितले, गांधी आणखी थोडे बोलले. पुन्हा गलबला झाला, मान्यवर उठून गेले, अध्यक्षही निघाले, आणि सभा मोडली. भाषण अपुरेच राहिले.

वाचकहो, आता आमोसाकडे या.

तकोवाचा हा गुराखी उंबराच्या फळांची निगा राखणारा मनुष्य होता. तो उत्तरेकडील राज्यात, बेथेल येथे जाऊन बोलू लागला. हस्तिदंती पलंगांवर पहुडणारे, पात्रांतून द्राक्षारस पिणारे, गरिबाला जोड्याच्या मोलाने विकणारे, असे लोक त्याच्यासमोर होते. सातव्या अध्यायात त्याला एकामागून एक दृष्टान्त होतात : टोळ, अग्नी, आणि तिसरा ओळंब्याचा. गवंड्याचा ओळंबा भिंतीला लावून परमेश्वर उभा आहे. भिंत शेजाऱ्याची नाही, आपल्याच लोकांची आहे. नेमके येथेच बेथेलचा याजक अमस्या मध्ये पडतो. तो राजाला निरोप पाठवतो, आणि आमोसाला सांगतो की, यहूदा देशात चालता हो, तेथे भाकर खा, येथे पुन्हा बोलू नकोस, कारण हे राजाचे पवित्रस्थान आहे. देवाचे मंदिर म्हणावयाचे, तेथे हा याजक राजाचे मंदिर म्हणून गेला. मनातले ओठावर आले.

अमस्याने राजाला पाठवलेल्या निरोपात एक क्रियापद आहे, आणि त्यापाशी भाषांतरकार म्हणून मी वर्षानुवर्षे अडखळत आलो आहे. या मनुष्याचे सर्व शब्द देशाला ‘सहन’ होत नाहीत, असा त्याचा अर्थ आपण सहसा करतो. तो चूक नाही. परंतु मूळ इब्री धातू भांड्याचा आहे. शलमोनाच्या मंदिरातील पितळी गंगाळसागरात किती पाणी राही, हे सांगताना तोच धातू येतो (१ राजे ७:२६). आणि मंदिराच्या समर्पणाच्या प्रार्थनेत, आकाशे व आकाशांची आकाशे ज्याला सामावू शकत नाहीत त्याच्याविषयी राजा बोलतो, तेथेही तोच (१ राजे ८:२७). आपल्या मराठीत याला घरगुती शब्द आहे : मावणे. आनंद गगनात मावत नाही, धान्य कणगीत मावत नाही. या मनुष्याचे शब्द देशात मावत नाहीत, असे बिचारा अमस्या म्हणाला. तक्रार म्हणून बोलला, पण खरे बोलला. जे भांड्यात मावत नाही ते उतू जाते, आणि कोठे वाहत जाईल हे भांड्याच्या धन्याच्या हाती राहत नाही.

आमोसाचे पुस्तक नीट पाहा. तीन दृष्टान्त, मग हा व्यत्यय, आणि आठव्या अध्यायाच्या आरंभी चौथा दृष्टान्त, पक्व फळांच्या टोपलीचा. मध्ये कोणी थांबवलेच नव्हते अशा रीतीने तो येतो. अमस्याचा निरोपही ग्रंथात जसाच्या तसा राहिला, बोलणाऱ्याच्या शब्दांतच गुंफला गेला.

गांधीजी संदेष्टे होते असे मी म्हणत नाही. शास्त्राच्या विद्यार्थ्याने तो शब्द जपून वापरावा. पण काशीच्या मंडपात जे मावले नाही, ते कोठे वाहत गेले याचा एक धागा आपल्या हाती आहे, आणि तो मराठी आहे.

सभा मोडून दीडएक महिना झाला होता. २५ मार्च १९१६ रोजी वीस वर्षांचा एक तरुण इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस जावयास निघाला, सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. कुलाबा जिल्ह्यातील गागोदे हे त्याचे जन्मगाव. नाव विनायक नरहर भावे. त्याच्या मनात दोन ओढी होत्या : हिमालयात जाऊन साधना करावी, की बंगालात जाऊन क्रांतिकारकांना मिळावे? काशीत तो अन्नछत्रात जेवत असे, संस्कृत शिकत असे, गंगेच्या काठी बसून कविता करीत असे, आणि मनासारखी साधली की ती गंगेलाच अर्पण करून टाकीत असे. बरोबर आलेला एक मित्र तेथेच आजारी पडून वारला. त्याचे अंत्यसंस्कार या तरुणाने गंगातीरी केले. अशा मनःस्थितीत त्या मोडलेल्या सभेतील भाषणाचा वृत्तान्त वर्तमानपत्रातून त्याच्या हाती पडला. मंडपात तो नव्हता. त्याला कोणी आमंत्रण दिले नव्हते. त्याने गांधींना पत्र लिहून प्रश्न विचारले, उत्तरे आली, पुन्हा विचारले. शेवटी गांधींनी कळवले की हे पत्रांनी सुटणार नाही, आश्रमात ये. ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचला. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती ही दोन्ही आपल्याला एकाच ठिकाणी मिळाली, असे विनोबा पुढे सांगत. चोवीस वर्षांनी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधींनी त्यांचीच निवड केली.

मला स्तेफनाचे भाषण आठवते. तेही अपुरेच राहिले. ऐकणाऱ्यांनी कान बंद केले, धावून गेले, त्याला नगराबाहेर लोटले. आणि लूक किती साधेपणाने लिहून जातो की, साक्षीदारांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या एका तरुणाच्या पायांजवळ ठेवली. विनोबा आणि शौल यांची तुलना करावयाची नाही. एक दूर होता, दुसरा जवळ उभा राहून संमती देत होता. तरीही त्या दिवशी मोजदाद केली असती तर दोन्ही सभा सपशेल फसल्या असेच कोणीही लिहिले असते. पुढे चंपारण्य झाले, असहकार झाला, १० फेब्रुवारी १९२१ रोजी याच काशीत गांधींच्या हस्ते काशी विद्यापीठाची स्थापना झाली. त्या इतिहासात मी शिरत नाही, तो आपणांस ठाऊक आहे.

माझ्या व्यवसायापुरते मात्र एक सांगतो. परक्या भाषेविषयीची जी लाज त्या भाषणाच्या आरंभी बोलली गेली, तीच निकड विनोबांच्या घरातून वेगळ्या वाटेने आली. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यावयाची होती. संस्कृत येत नव्हते, आणि मुलाने आणून दिलेले मराठी भाषांतरही जड गेले. तूच का करीत नाहीस, असे ती म्हणाली. १९१८ साली ती गेली. मुलाने ‘गीताई’ रचली ती १९३०-३१ मध्ये, तिच्या पश्चात. पुढे त्याच विनोबांनी नव्या कराराचा अभ्यास करून ‘ख्रिस्तधर्म-सार’ही सिद्ध केले. आमच्या पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये अखेरची वर्षे ज्या कामात वेचली, ते कामही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र देण्याचे होते. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या, आणि ते शास्त्र १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. मी मेजावर बसून एखाद्या क्रियापदाशी झगडतो तेव्हा या दोन घरांतील बाया मला समोर बसलेल्या दिसतात, आणि माझे निम्मे संस्कृत शब्द मीच खोडून टाकतो. (हा लेख वाचून आपण हसाल. सवय जात नाही.)

आता जे सांगावयास मी हा लेख लिहिला, ते.

ॲनी बेझंट यांना खलनायिका ठरवून आपण सुटतो, आणि ते अन्यायाचे आहे. १८९८ साली त्यांनीच काशीत सेंट्रल हिंदू कॉलेज काढले, ज्याच्या पायावर हे विश्वविद्यालय उभे राहिले. भाषण थांबवले त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी होमरूल लीग स्थापन केली. १९१७ साली सरकारने त्यांना स्थानबद्ध केले, आणि त्याच वर्षअखेर त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. ज्या मुक्तीविषयी गांधी बोलत होते तिच्यासाठीच त्याही झटत होत्या. त्यांना भीती होती विद्यार्थ्यांची, संस्थेची, बोलण्याचा विपर्यास होण्याची. बोलणाऱ्याला थांबवणारे हात बहुधा असेच असतात, चांगल्या कामात गुंतलेले.

दशाश्वमेध घाटावर आरती सुरू झाली आणि एकदम घंटा वाजू लागल्या. त्या नादाने मला एक लहानशी मेजावरची पितळी घंटी आठवली. ती वाजवणारा मी होतो.

पंचवीस वर्षे झाली. आमच्या मंडळीचा वार्षिक मेळावा होता. मंदिराच्या नव्या बांधकामासाठी साह्य देऊ शकतील असे पाहुणे दुरून आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. कार्यक्रम वेळेत चालवण्याचे काम माझ्याकडे होते. एका खेड्यातील शाखेचा, बावीस-तेवीस वर्षांचा तरुण अहवाल वाचावयास उभा राहिला. अहवाल दोन मिनिटांत संपवून त्याने कागद खिशात ठेवला आणि तो म्हणाला, “आमच्या देवळात मधल्या वाटेच्या दोन बाजू आहेत. कोण कुठल्या बाजूला बसतं ते कुणी सांगत नाही, पण तिसऱ्या पिढीतही कुणी चुकत नाही. आज्या-पणज्यांनी प्रभूला स्वीकारताना जी जात टाकली, ती आम्ही वाटेच्या अलीकडे-पलीकडे जपून ठेवली आहे. सोयरिकीही तशाच. मी एक उदाहरण देतो...”

मी घंटी वाजवली.

त्याची वेळ संपली नव्हती. मी हसून म्हटले, “धन्यवाद, पुढचा अहवाल.” तो क्षणभर उभा राहिला, मग खाली बसला. लोकांनी सुस्कारा सोडला. जेवणाच्या वेळी दोन वडीलधाऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बांधकामाला मदत मिळाली, इमारत उत्तम झाली. तो तरुण पुन्हा कोणत्याही मेळाव्यात दिसला नाही, आणि मी त्याची चौकशी केली नाही. माझा हेतू वाईट नव्हता. अमस्याचाही नसावा. पाहुण्यांसमोर घरची भांडी वाजू नयेत, एवढेच मला वाटले होते. ओळंबा लावला जात होता तो माझ्याच भिंतीला, आणि मी तो धरणाऱ्याचा हात खाली केला. मग वर्षानुवर्षे आमोसाचा सातवा अध्याय वर्गांतून शिकवला. अमस्याचे स्वभावचित्र मी फार चांगले रंगवतो असे विद्यार्थी म्हणत. त्याचे कारण त्यांना माहीत नव्हते.

आरती संपेपर्यंत मी पायऱ्यांवरच बसून राहिलो. विश्वनाथाच्या मंदिरापासून गंगेपर्यंत २०२१ साली प्रशस्त मार्ग झाला आहे, गांधींनी पाहिलेल्या गल्ल्यांपैकी किती उरल्या असतील कोण जाणे. दगड हलवता येतात. आमच्या देवळातील ती मधली वाट मात्र अडीच हातांची असून अजून जागची हललेली नाही, हे मला अंदाजाने माहीत होते.

परत आल्यावर मी त्याचा शोध घेतला. फार कठीण गेले नाही, कठीण होते ते दूरध्वनी लावणे. मी नाव सांगितले, मेळाव्याची आठवण दिली, घंटीविषयी क्षमा मागितली. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग तो म्हणाला, “सर, त्या दिवशीचं उदाहरण ज्यांचं होतं, ती दोन्ही माणसं आता नाहीत. नावं घेऊन काय करायचं?”

मी म्हटले, “मग जे राहिलं होतं ते सांगा.”

तो बोलू लागला. दोन तरुण माणसांविषयी, वाटेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, ज्यांचे लग्न मंडळीने होऊ दिले नाही. त्यांच्या पुढच्या आयुष्यांविषयी. आपण देवळात का जात नाही आणि प्रार्थना का सोडली नाही, याविषयी. मध्ये एकदा तो थांबून म्हणाला, “वेळ आहे ना सर?” मी आहे म्हटले. घड्याळ मी उलटे करून ठेवले होते.

शेवटी तो म्हणाला, “तुम्ही एकदा गावी या, रविवारी या. उपासनेला जाऊ आपण दोघं. कुठल्या बाजूला बसायचं ते मात्र तुम्ही ठरवा.”

येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी जाणार आहे.